तो आत आहे, रजिस्टर लग्न करता येईल का?

आबोली_२८
नमस्कार, आयडी नवीन काढलाय, खरं नाव नको. मी २८ वर्षांची, एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे. आमचं सहा वर्षांचं आहे आणि त्यातली अडीच वर्षं तो आत आहे. गावातल्या मारामारीत एकजण गेला, नऊ जणांवर ३०२ लागलं, त्यात याचंही नाव. चार्ज फ्रेम झालाय, साक्षी अजून सुरू नाहीत, जामीन हायकोर्टातही नाही झाला.

मी जमेल तसं जेलमध्ये मुलाखतीला (भेटायला) जाते. सकाळी लवकर नंबर लावायचा, आधारची झेरॉक्स द्यायची, मग काच आणि फोनचा रिसीव्हर. फॉर्मवर "बंद्याशी नाते" असा रकाना असतो, मी मैत्रीण लिहिते. मागच्या वेळी खिडकीवरचा माणूस मोठ्याने म्हणाला, मैत्रीण म्हणजे नक्की कोण हो? मागे सगळी बायकांची रांग. आत गेले तर रडूच येत होतं, हा काचेवर बोटाने काहीतरी लिहून दाखवत होता पण माझ्या बाजूने उलटं, कळलंच नाही आणि वेळ संपली.

तेव्हापासून डोक्यात आहे की लग्नच करून टाकावं. तो आत असताना होतं का? कोर्टाची परवानगी लागते का? घरी पप्पांना तो सुटला असंच वाटतंय. करावं की नाही हेही सांगा पण प्लीज "सोड त्याला" एवढंच लिहू नका.

काळा_कोट
होतं. कच्चा कैदी असला तरी लग्नाचा हक्क जात नाही. स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ खाली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात आधीचे ३० दिवस राहिलेला हवा, नोटीस बोर्डावर लागते, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार. नोटीस तीन महिनेच चालते आणि कोर्टात तारखा कशा पडतात ते तू बघतेच आहेस, म्हणून कोर्टातला अर्ज आणि नोटीस बरोबरच पुढे ने. अर्ज त्याच्या वकिलाने ट्रायल कोर्टात करायचा, लग्नापुरता तात्पुरता जामीन किंवा पोलीस बंदोबस्तात नेण्याची परवानगी मागायची. बंदोबस्ताचा खर्च कोर्ट तुमच्यावर टाकू शकतं, ते आधी विचारून घे. कायद्यात विवाह अधिकाऱ्याने जादा फी घेऊन ऑफिसबाहेर वाजवी अंतरावर येऊन लग्न लावायचीही सोय आहे, तेही अर्जात पर्यायी मागणी म्हणून टाका. २०२४ मध्ये दिल्लीत काला जठेडी या गँगस्टरला कोर्टाने लग्नासाठी सहा तासांची कस्टडी पॅरोल (पोलिसांच्या पहाऱ्यात बाहेर जायची परवानगी) दिली होती, म्हणजे अशी परवानगी मिळते, पण प्रत्येक केस वेगळी.

वडिलांची हरकत म्हणशील तर वय, आधीचं लग्न, जवळचं नातं, मानसिक स्थिती असलीच कारणं चालतात. मुलगा आत आहे हे कारण नाही. आणि तू या केसमध्ये साक्षीदार आहेस का? असशील तर आधी वकिलाशी बोल, मगच पुढचं.

एक स्पष्ट बोलतो. खुनात जन्मठेप लागू शकते. चौदा वर्षं झाली की सुटतो असं सगळे म्हणतात, तसं नाही, चौदाच्या आधी नाही एवढंच खरं, पुढचं सरकारवर.

पांढरीची_सून
ताई, मी पक्क्या कैद्याची बायको. साखरपुडा झाला होता, मग शिक्षा लागली, घरचे म्हणाले मोडू, मी नाही म्हटलं. संचित रजेवर (फर्लो म्हणतात ती) २१ दिवस आले तेव्हा लग्न केलं. त्यातले दिवस पोलीस ठाण्यात हजेरी लावण्यात आणि पाहुण्यांत गेले. सोडायला गेटपर्यंत गेले तेव्हा माझ्या हाताची मेंदी पण उतरली नव्हती.

आता फॉर्मवर पत्नी लिहिते, कुणी काही विचारत नाही. पण काच तीच आहे ग. लग्नाने काच जात नाही. पंजाबात २०२२ पासून नवराबायकोला जेलमध्ये एकांतात भेटू देतात, आपल्याकडे तसलं काही नाही, मुलाबाळाचा विचार करताना मी रात्र रात्र जागलेय. सासूबाईंचं औषध, मनीऑर्डर, वकिलाची फी, सगळं माझ्या शिलाईवर. मला पश्चात्ताप नाही, खरंच नाही. आटपाडीला स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे ना, औंध संस्थानने १९३९ साली काढलेली, तिथे कैदी शेती करतात आणि घरच्यांना घेऊन राहतात, तिथे यांचा नंबर लागावा म्हणून धडपड चालू आहे. पण नुसता रकाना भरायला लग्न करू नको. तुझा निकाल अजून लागायचाय, माझा लागून गेला होता, मला माहीत होतं मी काय पत्करतेय.

दोन_लेकींचा_बाप
पोरी, तुला सोड म्हणत नाही. दोषारोपपत्र वाचलंस का? त्याने सांगितलेलं नाही, कागद. पूर्ण वाच, त्याच्या हातात काय होतं म्हणून लिहिलंय ते वाच. जो गेला त्याच्या घरीही कुणीतरी आहे. आणि वडिलांना तू सांग, बोर्डावरून कळू देऊ नको. मला माझ्या लेकीने समोर बसून सांगितलेलं कितीही कडू असलं तरी चालेल, पण शेजाऱ्याने येऊन सांगितलं तर मी मोडून जाईन.

काळा_कोट
दोषारोपपत्राची प्रत त्याच्या वकिलाकडे असतेच. आणि बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन लाव.

आबोली_२८
सगळ्यांचे आभार, ताई तुमचं तर चार वेळा वाचलं. मी साक्षीदार नाही. दोषारोपपत्र मागवलं, दोनशेच्या वर पानं आहेत, साठ झाली, त्याचं नाव जिथे येतं तिथे थांबून थांबून वाचतेय. सगळं त्याने सांगितलं तसंच नाहीये, हे इथेच लिहिते. काल मुलाखतीत विचारलं तर त्याने मान खाली घातली आणि मग बोलला, पहिल्यांदाच सगळं बोलला. निघताना काचेवर काय लिहिलं होतंस तेही विचारलं. म्हणाला, जेवलीस का.

नोटीस आत्ता देत नाहीये. रविवारी पप्पांशी बोलणार आहे, आईला आधी सांगितलंय, ती काही बोलली नाही, नुसती शेजारी येऊन बसली.