मागच्या जंगलात शिरणाऱ्या गाड्या: सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं

रविवार

बी-१०४ काकू:
सुप्रभात. आज जरा लांब लिहिते आहे, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.
आम्ही दोघं रोज पहाटे पाचला मागच्या पांदणीनं फिरायला जातो. नवतपा सुरू आहे, सातनंतर उन्हात पाय ठेववत नाही. पांदणीच्या उजव्या हाताला वनहद्दीचा चुना लावलेला दगडांचा बुरूज आहे ना, त्याच्या पलीकडच्या माळावर दहा-बारा दिवसांपासून टिटवी बसत होती. टिटवी घरटं असं बांधतच नाही, खड्यांमध्येच अंडी घालते. मातकट रंग, वर काळे ठिपके. हातभर अंतरावर असली तरी दिसत नाहीत. आम्ही पांदणीवरूनच बघायचो, हे छोटी दुर्बीण घेऊन येतात.
आज बुरुजाच्या आतून चाकाच्या खुणा गेलेल्या दिसल्या. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती म्हणून पहिल्यांदाच जवळ गेले. चारातली तीन अंडी मातीत दाबली गेलीत. त्यावर जाड गुठळ्यांच्या टायरचा ठसा, बलक वाळलेला, मुंग्या लागलेल्या. मला तिथं उभं राहवेना.

सी-५०१:
अरेरे. काल संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या गॅलरीतून धूळ दिसत होती. पाच-सहा बाइक आणि एक उंच केलेली जीप होती.

ए-२०३:
बाहेरचे पोट्टे असतील काकू. दर शनिवारी येऊन राहिले. मागच्या महिन्यात मी हटकलं तर माझ्यावरच आवाज चढवला.

बी-१०४ काकू:
सगळे बाहेरचे नाहीत दादा. त्यातल्या दोन गाड्यांवर आपल्या पार्किंगचं स्टिकर आहे, मी स्वतः पाहिलं. नंबर ग्रुपवर टाकणार नाही, कोणाची बदनामी मला नको आहे. ज्यांच्या आहेत त्यांनी मला घरी येऊन भेटलं तरी चालेल.

सचिव:
काकू, नंबर टाकला नाहीत ते बरं केलं. विषय गंभीर आहे. सगळ्यांनी मतं मांडा, पण कृपया कोणाचं नाव घेऊन नको.

सी-४०२:
काकू, त्यातली एक माझी आहे. लपवण्यात अर्थ नाही.
अंडी दिसली असती तर मी नक्की थांबलो असतो, यावर विश्वास ठेवा. पण माझंही ऐका. तिथं वाट आधीपासून आहे, मी नवीन पाडली नाही. पाटी कुठंच नाही. जंगल सरकारी आहे म्हणजे सगळ्यांचं आहे असंच मी धरून चाललो. आठवडाभर मिहानला ऑफिस, एक संध्याकाळ मिळते. हौसेची गाडी कष्टानं घेतली, ती चालवायची कुठं? आउटर रिंग रोडवर ट्रकच्या मधून पळवू?

बी-१०४ काकू:
बाळा, तू पुढे आलास हे मला फार मोठं वाटलं. चिडून लिहीत नाही, खरंच सांगते.
ती वाट आधीपासून नव्हती. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा बुरुजाच्या आत गुरं चरायला जायची तेवढी एक पायवाट होती. मागच्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, काळी माती लोण्यासारखी झालेली असताना तिथून गाड्या गेल्या. चाकोऱ्या पडल्या. त्या ओल्या चाकोरीत गाडी रुतते म्हणून पुढचा तिच्या बाजूनं गेला, त्याच्या पुढचा आणखी बाजूनं. एका पायवाटेच्या पाच वाटा अशा झाल्या. आज मी त्यातली मोठी चाकोरी माझ्या वितेनं मोजली, दोन वीत खोल आहे आणि विटेसारखी टणक झाली आहे. त्यात गवताची एक काडी उगवलेली नाही. उतार नाल्याकडे आहे, त्यामुळे येत्या पावसाचं पाणी जिरायच्या ऐवजी सरळ त्यातूनच धावणार आणि माती घेऊन जाणार. दोन पावसाळ्यांत तिथं ओहोळ झालेला असेल. तू नवीन वाट पाडली नाहीस हे खरं, पण जाणारा प्रत्येकजण तेच म्हणतो रे.

डी-३०३:
काकू 🙏

ए-३०१ (निवृत्त वनपाल):
आता मी लिहितो. तीस वर्षं याच कामात गेली.
पहिली गोष्ट, "सरकारी म्हणजे सगळ्यांचं" हा समज काढा. ते राखीव वन आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ वाचा. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हाच गुन्हा आहे, नुकसान झालं नाही तरी. अभयारण्य असेल तर वर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यातला दंड एक लाखापर्यंत गेला आहे. आपल्या मागचं अभयारण्य नाही, पण राखीव वन आहेच. पांदण गावाची आहे, तिच्यावरून कोणीही जावं. बुरुजाच्या आत गाडी गेली की गुन्हा.
दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोक म्हणतात वनविभाग झोपला आहे. एका बीटला, म्हणजे गस्तीच्या एका हद्दीला, एक वनरक्षक असतो. त्याच्याकडे काठी आणि स्वतःची मोटरसायकल. सहा बाइकवाल्यांच्या मागे तो पळाला तर त्याचाच अपघात होईल, आणि पळूही नये. पकडापकडीनं हे काम होत नाही, कागदानं होतं. पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, फाडायला त्याला गाडीचा नंबर लागतो, वेळ लागते, जागा लागते, आणि पंचनाम्यावर सही करणारे दोन पंच लागतात. तीस वर्षांत माझी किती प्रकरणं पंच नाही म्हणून अडली ते मलाच ठाऊक. धूळ उडाली की सगळे फोन करतात. "पंच म्हणून याल का" विचारलं की साहेब, मला ऑफिस आहे.

सी-५०१:
काका, पंच झालं तर कोर्टात जावं लागतं का?

ए-३०१ (निवृत्त वनपाल):
प्रकरण कोर्टात गेलं तर साक्षीला बोलावू शकतात. पण छोट्या वनगुन्ह्यांत कलम ६८ प्रमाणे तडजोडीची रक्कम भरून तिथंच मिटवण्याची सोय आहे. बहुतेक जण भरतात आणि परत येत नाहीत. पहिल्यांदा चुकलेल्याला तेवढं पुरतं.

ए-२०३:
मी तं म्हणतो जेसीबी लावून चर खोदा सरळ. एक दिवसाचं काम आहे. गाड्या बंद.

ए-३०१ (निवृत्त वनपाल):
भाऊ, चर खोदून पाहिलेत. पावसाळ्यात त्यात गावाची गुरं पडतात. जिथून सायकल जाते तिथून बाइक जाते, आणि पलीकडच्या गावातल्या बाया चारोळी, मोह, तेंदू आणायला त्याच वाटांनी जातात. त्यांचा हक्क आपल्या सोसायटीच्या आधीचा आहे. शिवाय आग लागली तर वणवा विझवणाऱ्यांना आत जायला वाट हवी. जीप अडवायला दोन ठिकाणी मोठे दगड पुरतील. बाइक दगडानं अडत नाही.

बी-१०४ काकू:
आगीचं मी लिहायचं विसरलेच. गवत इतकं वाळलंय की हातात चुरा होतो. तापलेला सायलेन्सर त्याला टेकला तर?

ए-३०१ (निवृत्त वनपाल):
बरोबर. १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा हंगाम धरतात. नेमक्या याच दिवसांत पाऊस नाही म्हणून गाड्या जास्त येतात.

डी-२०२ ताई:
मला एक सांगावंसं वाटतं. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं अमेरिकेत कोलोरॅडोला होतो. तिथं सरकारी जंगलात असल्या गाड्यांना काही रस्त्यांवर परवानगी आहे, आणि हाच वाद तिथंही पन्नास वर्षांपासून चालू आहे. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला की सरकारी जमिनीवर अशा गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही ते ठरवा. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्यात भर घातली की नुकसान होताना दिसलं तर ती जागा लगेच बंद करा. तरीही वाटेतून वाटा फुटतच राहिल्या. काकूंनी लिहिलंय ना, पायवाटेच्या पाच वाटा, अगदी तसंच. शेवटी २००५ मध्ये तिथल्या वनखात्यानं नियम उलटा केला. आधी बऱ्याच जागी असं होतं की "बंद" लिहिलं नसेल तर उघडं. आता नकाशात दाखवलेले रस्ते तेवढे उघडे, बाकी सगळं बंद. नकाशा फुकट मिळतो. पाटी कोणी उपटून फेकली तरी "मला माहीत नव्हतं" चालत नाही, कारण नकाशा बघणं चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. आमचे शेजारी स्वतः अशा गाड्या चालवायचे आणि तो नकाशा गाडीत ठेवायचे.

सी-४०२:
ताई, हे मला पटतंय. आम्हाला कोणी सांगतच नाही की इथंपर्यंत चालेल.

ए-३०१ (निवृत्त वनपाल):
आपल्याकडे कायदा त्याहून कडक आहे, राखीव वनात मुळात बंदच. पण हद्द कुठे सुरू होते ते बघणाऱ्याला कळत नाही हे मात्र खरं. बुरूज म्हणजे दगडांचा ढीग, नवख्याला तो काय कळणार. पांदणीच्या दोन तोंडांवर मोठी पाटी हवी: पांदण खुली, बुरुजाच्या आत वाहनांस बंदी, कलम अमुक. पाटी असली की वनरक्षकाचीही बाजू भक्कम होते.

बी-३०५:
पाट्यांनी काय होणार? उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात तर गाइड होते, गेट होतं, नियम होते. तरी ३१ डिसेंबर २०२४ ला एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्हीकडून घेरलंच ना.

ए-३०१ (निवृत्त वनपाल):
घेरलं, पण पुढे काय झालं ते पण बघा. व्हिडिओ बाहेर आला, चालक आणि गाइडांवर कारवाई झाली, आपल्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. कशामुळे? गाड्या ओळखता येत होत्या आणि पुरावा होता. तिथं जे शक्य झालं ते इथं का होऊ नये?

सी-३०१:
नमस्कार. स्टिकरवाली दुसरी गाडी आमची. चालवणारा माझा मुलगा, सोळा वर्षांचा आहे. तो मित्राकडे अभ्यासाला जातो म्हणून सांगून गेला होता. काकू, मी संध्याकाळी त्याला घेऊन तुमच्याकडे येतो. मला खूप वाईट वाटतं आहे.

बी-१०४ काकू:
या ना, जरूर या. त्याला रागावू नका माझ्यासमोर. मला त्याला जागा दाखवायची आहे, पांदणीवरून.

सचिव:
दादा, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. बाकी पालकांसाठी मुद्दाम लिहितो, कारण बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटर वाहन कायद्याचं कलम १९९-अ आलं आहे. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. पाचशे-हजाराची पावती समजू नका.

सी-३०१:
चावी आता माझ्याकडे आहे.

ए-२०३:
मी पंच व्हायला तयार आहे काका. शनिवारी-रविवारी सुट्टीच असते.

सी-५०१:
मी पण. आमच्या गॅलरीतून पूर्ण माळ दिसतो. नंबर नाही दिसत, पण वेळ आणि कोणत्या तोंडानं शिरले ते नक्की सांगता येईल.

ए-३०१ (निवृत्त वनपाल):
छान. आता नीट ऐका. गाड्या दिसल्या की कोणीही आडवं जायचं नाही, चावी काढायची नाही, भांडायचं नाही. पांदणीवर उभं राहून नंबर टिपा, वेळ टिपा, जवळच्या बुरुजाचा फोटो घ्या, त्यावर आकडा असतो तो यायला हवा. मग १९२६ ला फोन लावा, तो वनविभागाचा टोल फ्री नंबर आहे, तक्रार क्रमांक घ्या. मारामारीचं काही दिसलं तर ११२. फोटो ग्रुपवर टाकू नका, मला पाठवा. मी वनरक्षकाला देतो. त्याचा वैयक्तिक नंबर इथं मागू नका, रात्री-बेरात्री फोन येतात बिचाऱ्याला.

बी-१०४ काकू:
पाटीसाठी अर्ज मी लिहिते. गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीलाही एक प्रत द्यायला हवी. तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय दगड कुठे लावायचे ते आपण ठरवायचं नाही. चारोळीवाल्या बाया कुठून ये-जा करतात ते त्यांनाच ठाऊक.

सचिव:
मंजूर. सोसायटीच्या लेटरहेडवर देऊ. रविवारी सकाळी साडेपाचला मागच्या गेटपाशी जमू. काका वनरक्षकाला बोलावून हद्द दाखवतील. पाण्याची बाटली प्रत्येकानं स्वतःची आणा.

मंगळवार

सी-४०२:
काकू, दोन दिवस डोक्यात हेच चालू होतं, म्हणून लिहितो. दर शनिवारी नवीन नवीन गाड्या का येतात ते मला कळलं. मार्चमध्ये मी त्या वाटेचा ट्रॅक मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून आमच्या राइडच्या ग्रुपवर टाकला होता, वर एक रील पण. त्या रीलखाली लोकांनी "लोकेशन पाठव" लिहिलं आणि मी पाठवत गेलो. वर्धा रोडचे, हिंगण्याचे, कामठीचे. मी ज्यांना ओळखतही नाही असे. एवढ्या गाड्या येतात त्यात माझा हात आहे.
रील काढली. ट्रॅक काढला. पण अकरा जणांनी तो आधीच उतरवून घेतलेला आहे. त्यांचे नंबर आहेत माझ्याकडे. काल चौघांना फोन केला, तिघांनी ऐकलं, एक म्हणाला बघू. बाकी सात जणांना आज करतो.

बी-१०४ काकू:
तो जो बघू म्हणाला, त्याला रविवारी साडेपाचला घेऊन ये. आपण त्याला चहा पाजू आणि जागा दाखवू.

सी-४०२:
आणतो काकू. आणि पाटीचा खर्च माझ्याकडून घ्या.

सचिव:
खर्च सोसायटी करेल. तू फोन कर.