‘कंपॅटिबल’ला मराठीत काय म्हणायचं: सुसंगत, चालतं, पटतं की मेळ?

प्रश्न असा आहे की एका टेस्टिंग मॅन्युअलचं मराठी करतोय, विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिघांमध्ये डिस्क नीट वापरता येते का हे कसं तपासायचं त्याचं. ‘फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) कंपॅटिबिलिटी’ला ‘सुसंगतता’ लिहिलं खरं पण दर ओळीला अडखळायला होतंय. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद:

सुसंगतता चुकीचा नाही पण तो विचारांना, बोलण्याला शोभतो, डिस्कला नाही. दुकानात माणूस काय म्हणतो ते ऐका की, आमच्या सांगलीत गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं ‘ही हार्डडिस्क मॅकला चालत नाय ओ’. चालणं हा जिवंत शब्द आहे, फक्त तो फार सैल आहे. एनटीएफएसची (ही विंडोजची फाइल सिस्टिम) डिस्क मॅकला लावली तर फाइल दिसतात, उघडतात, पण त्यात काही ठेवायला गेलं की ठेवता येत नाही, कारण मॅक मुळात एनटीएफएस फक्त वाचतो. मग ती चालते म्हणायचं की नाही? तसंच एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि विंडोज फास्ट स्टार्टअपमध्ये (पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून पुरतं बंद न होण्याची सोय) बंद झालं असेल तर विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, अर्धवट झोपेत असतं, लिनक्स ते वाचू देतं पण लिहू देत नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये एक नाम शोधत बसण्यापेक्षा तीन क्रियापदं वेगळी लिहा: वाचतं, लिहितं, आणि जसं दिलं तसं परत देतं. हे तिसरं सगळे विसरतात आणि खरा घोळ तिथंच असतो.

माझाच अनुभव सांगतो. आम्ही दोघं मित्र कृष्णाकाठच्या घाटांचे फोटो गोळा करतो, वाई, कऱ्हाड, औदुंबर, हरिपूर असे गावाच्या नावाचे फोल्डर. त्याच्याकडं जुना मॅक, एचएफएस प्लस या मॅकच्या जुन्या फाइल सिस्टिमवाला, माझ्याकडं लिनक्स. त्यानं झिप करून पाठवलं, मी ते माझ्या फोल्डरांच्याच जागी उघडलं आणि बघतो तर ‘कऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी! एकात २१२ फोटो, एकात ६४. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर होऊच शकत नाहीत, तरी डोळ्यासमोर आहेत, आणि कितीही निरखून बघा, काना मात्रा सगळं सारखं. शेवटी नावाचे बाइट मोजले तेव्हा कळलं, एक नाव १८ बाइटचं आणि दुसरं २१ बाइटचं. फरक त्या ऱ मध्ये होता. ऱ हे एकसंध अक्षर म्हणूनही साठवता येतं आणि र अधिक खालचा नुक्ता असे दोन तुकडे करूनही साठवता येतं. एचएफएस प्लस नाव साठवताना त्याचे तुकडे करतो, माझ्या कीबोर्डवरून एकसंध ऱ येतो, आणि लिनक्स नावाकडं नुसते बाइट म्हणून बघतो, त्यामुळं त्याच्या लेखी ती दोन वेगळी गावं. हिंदीला हा ऱ लागतच नाही, आपल्याला मात्र पायऱ्या, दऱ्या, वऱ्हाड, बिऱ्हाड सगळीकडं लागतो, म्हणजे मराठी नावांचा हा खास आपला दुखणारा सांधा आहे आणि टेस्टिंग करणाऱ्यांनी चाचणीच्या नावांत कऱ्हाड घातलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. दुरुस्ती सोपी असते, कन्व्हएमव्ही नावाची कमांड सगळी नावं एकसंध रूपात आणून देते, पण त्याआधी दोन्ही फोल्डर वेगळे जपून ठेवा, एकमेकांवर ओतू नका.

दुसरं, नावाची लांबी. एनटीएफएसमध्ये नाव २५५ खुणांचं चालतं, लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिममध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीची प्रत्येक खूण, काना वेलांटी धरून, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) ३ बाइट खाते. म्हणजे आपल्या वाट्याला ८५ खुणा. मित्राला फाइलच्या नावातच अख्खं वर्णन लिहायची सवय आहे, तिच्यापायी कॉपी मध्येच अडायची. इंग्रजी नावं घेऊन टेस्ट केली तर हे कधी सापडणारच नाही.

आता शब्द. माझी सूचना ‘मेळ’. हळदीच्या पेढीवर दिवाणजी संध्याकाळी रोजमेळ घालतात, शिल्लक आणि वही जुळली की मेळ बसला. ‘या दोन सिस्टिमचा मेळ बसतो’ हे कुणालाही कळतं. जुळणी नको, छापखान्यात तो अक्षरजुळणीसाठी पक्का बसलाय. आणि टेस्टिंगमधल्या चेकसमला (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ‘ताळा’ म्हणा. शाळेत गणित सोडवलं की गुरुजी म्हणायचे ताळा करून बघ, तेच हे काम, इकडून पाठवलेलं तिकडं तेवढंच पोचलं का ते बघणं.

प्रतिसाद:

मेळ आवडला. पण ताळा वाचून लोकांना हिंदीतलं कुलूप आठवेल ना?

प्रतिसाद:

कुलपाला आपण कुलूप म्हणतो, फार तर टाळं, ट चं. ताळा वेगळा, ताळमेळ, पडताळा, ताळेबंद यांत रोज ऐकू येतो, त्यामुळं वाक्यात घातला की गोंधळ होत नाही. ‘कॉपी झाल्यावर ताळा करा, ताळा जुळला नाही तर मूळ फाइल पुसू नका’ असं लिहून एखाद्याला वाचायला द्या. मात्र एक जपा, फाइलचा ताळा आणि नावांचा ताळा असे दोन वेगळे लिहा. माझ्या त्या फोटोंमध्ये दोन्ही फोल्डरांत असलेल्या फोटोंचा ताळा बरोबर होता, एक बाइट इकडंतिकडं नव्हता, नुसत्या नावातल्या ऱ नं फोल्डर दोन केले होते.