ड्रॅगसाठी सोललेली कॉन्टेसा परत रस्त्यावर आणायची आहे, सुरुवात कुठून करू?

साखळीकर लिहितो:

नमस्कार मंडळी. माझ्या मामांची १९९६ची कॉन्टेसा क्लासिक १.८ जीएलएक्स माझ्याकडे आली आहे. मामांनी ती ड्रॅग शर्यतींसाठी, म्हणजे सरळ पट्टीवरच्या छोट्या अंतराच्या शर्यतींसाठी, पार सोलली होती. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर नेऊन पळवलीही होती. नंतर त्यांना ते झेपेना, तेव्हापासून ती आमच्या डिचोलीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती.

सध्या गाडीत पुढच्या दोन बकेट सीट आणि लोखंडी पिंजरा आहे. मागची सीट नाही. डॅशबोर्डवर आरपीएम आणि ऑइल प्रेशरचे काटे आहेत, स्पीडोमीटर नाही. बाजूच्या काचांच्या जागी ॲक्रिलिक बसवलंय. पेट्रोलची टाकी म्हणजे डिकीतला छोटा ॲल्युमिनियमचा डबा, बॅटरीही तिथेच. अल्टरनेटर काढलेला, हँडब्रेक काढलेला, डिफरन्शियल वेल्ड केलेलं. इंजिन मूळचंच इसुझू १८१७ सीसी, पण पिस्टन आणि कॅमशाफ्ट बदललेले, वर साइड ड्राफ्ट कार्बोरेटरची जोडी आहे. सायलेन्सर नाही, पाइप थेट दाराखालून बाहेर येतो. मागचे रुंद टायर आत मावावेत म्हणून चाकांवरचा पत्रा कापलाय.

आरसी मामांच्या नावावर आहे. मुदत कधीच संपली. चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही आरसीशी जुळतात, हे मी स्वतः तपासलं.

मला हिचं हॉट रॉड करायचंय, म्हणजे जुनी गाडी बदलून तिला वेगवान, दणकट रूप द्यायचंय. पुढून बसकी, मागे रुंद टायर, मॅट काळा रंग, बॉनेटमधून वर आलेला, इंजिनला हवा देणारा स्कूप. पण रस्त्यावर कायदेशीर चालवायची आहे. कधी साखळीहून पणजीला, रविवारी पहाटे चोर्ला घाटात. पैसे टप्प्याटप्प्याने घालू शकतो. आधी इंजिनला हात घालू की बॉडीला? आणि आरटीओ पास करेल का?

फोंड्याचा मिस्त्री लिहितो:

इंजिन नाही, बॉडीही नाही. आधी मामांकडून मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घे. मामा हयात आहेत तोवर हे काम सोपं आहे. इंजिन आणि चासी नंबर जुळतात ही तुझ्या गाडीतली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. माझ्याकडे अशा गाड्या येतात ज्यांत काम फक्कड झालेलं असतं, पण इंजिन कुठून आलं ते कोणी सांगू शकत नाही. त्या शेडमध्येच राहतात.

आता गाडीकडे वळू. मी मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांवरच हात तयार केला. पद्मिनी, ॲम्बॅसेडर, कॉन्टेसा, खाणीवरचे ट्रक. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ड्रॅगची गाडी पाव मैलासाठी असते, म्हणजे ४०२ मीटर. सरळ रेषेत, कोरड्या डांबरावर, काही सेकंद. तिला वळायचं नसतं, रांगेत उभं राहायचं नसतं, पावसात भिजायचं नसतं. आणि गोव्याचा रस्ता म्हणजे नेमकं हेच तिन्ही. तेव्हा मामांनी जे जे केलं ते त्यांच्या कामासाठी बरोबर होतं, तुझ्या कामासाठी त्यातलं बरंचसं उलटं फिरवावं लागेल.

पहिलं डिफरन्शियल. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. हा फरक सांभाळायलाच डिफरन्शियल असतं. ते वेल्ड केलं की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार, मग एक टायर घासत ओढला जाणार. चोर्ल्याच्या आखूड वळणावर शिरताना गाडी नाक सरळ धरून पुढे जाईल, वळायलाच तयार होणार नाही. मग तू ॲक्सिलरेटर दाबलास की शेपूट एकदम बाहेर. जूनच्या पहिल्या सरीनंतर रस्त्यावर तेल-माती वर येते, तेव्हा तर विचारूच नको. शिवाय प्रत्येक वळणाचा पीळ हाफ शाफ्टवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, येतो आणि एक दिवस तो तुटतो. वेल्डिंग तासून काढण्याच्या फंदात पडू नकोस, आतले गिअर त्या उष्णतेने कामातून गेलेले असतात. कॉन्टेसाचं दुसरं पूर्ण डिफरन्शियल शोध. क्राउन-पिनियनचे, म्हणजे त्यातल्या मुख्य गिअरच्या जोडीचे, दात मोजायला विसरू नकोस. ड्रॅगसाठी आखूड रेशो घातला असेल तर पाचव्या गिअरमध्येही इंजिन ओरडत राहील.

दुसरं ब्रेक, आणि इथे एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. तुझ्या गाडीत शर्यतीचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आहे. त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात. वरच्या आरपीएमला त्याचा फायदा होतो, पण आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नीट तयार होत नाही. पेडलचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. म्हणजे तू पर्वरीला हळूहळू सरकतोयस, पुढचा स्कूटरवाला थांबला, तू पेडल दाबलंस आणि ते दगडासारखं घट्ट. धावपट्टीवर हे कधी कळत नाही, कारण तिथे थांबायला पुढे भरपूर जागा असते. कॅमशाफ्ट मूळचा किंवा त्याच्या जवळचा घाल. त्यात थोडी ताकद जाईल, ती जाऊ दे. याच कॅमशाफ्टमुळे पीयूसीलाही अडशील. तुझ्या गाडीच्या वयाच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमच्या आत लागतं. असा कॅमशाफ्ट आयडलिंगला न जळलेलं पेट्रोल थेट पाइपात सोडतो.

पिस्टन काढून कम्प्रेशन, म्हणजे आत मिश्रण किती दाबलं जातं, ते बघ. शर्यतीचं इंधन मिळत होतं म्हणून ते वर नेलेलं असणार. पंपावरच्या पेट्रोलवर उन्हात चढावर इंजिन ठोकायला लागेल आणि पिस्टनला भोक पडेल. जाड गॅस्केट घालून कम्प्रेशन उतरवायचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नकोस. बाउलवाले, म्हणजे वरून खोलगट, पिस्टन घाल. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, त्यामुळे जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरचे सील सगळे इथेनॉल सोसणारे घ्यावे लागतील. मिश्रण पातळ होतं म्हणून कार्बोरेटरचे पेट्रोल सोडणारे जेट किंचित मोठे. ती साइड ड्राफ्टची जोडी मात्र ठेव, वर फिल्टर बसव. त्या आवाजासाठीच तर आपण हे सगळं करतो.

पिंजऱ्याबद्दल स्पष्ट सांगतो. शर्यतीत डोक्यावर हेल्मेट असतं आणि चार पट्ट्यांनी माणूस सीटला बांधलेला असतो. रस्त्यावर हेल्मेट नाही. साधी धडक झाली तरी डोकं त्या पाइपवर आपटतं. डोक्याजवळचे पाइप कापून काढ, साधे तीन बिंदूंचे सीट बेल्ट मूळ जागी बसव. मागची सीटही हवीच, आरसीवर बसणाऱ्यांची संख्या लिहिलेली असते.

राहिलं ते लवकर होणारं. अल्टरनेटर, फॅनसह मोठा रेडिएटर, हँडब्रेक, स्पीडोमीटर, वायपर, हॉर्न, सगळे दिवे, खऱ्या सेफ्टी ग्लासच्या काचा, लोखंडी टाकी, सायलेन्सर. टायरला किमान १.६ मिमी नक्षी, स्लिक चालणार नाहीत. बॅटरी डिकीत राहिली तरी चालेल, पण तिच्या अगदी शेजारी मोठा फ्यूज हवा, नाहीतर ती लांब केबल कुठे पत्र्याला घासली तर गाडी पेटेल.

स्कूपसाठी बॉनेटला भोक पाडू नकोस. आपल्या पावसात कार्बोरेटरमध्ये पाणी जाईल.

विमावाली, मडगाव लिहिते:

मिस्त्रीकाकांनी यंत्राची बाजू सांगितली, मी कागदांची सांगते. मी वाहन विम्याचे दावे बघते.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हॉट रॉडसाठी नोंदणीचा वेगळा प्रकार आहे. आपल्याकडे असा प्रकारच नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या. तुमच्या गाडीत आज किती बदल आहेत ते मोजून पाहा.

रंग मात्र बदलता येतो. आधी अर्ज करायचा आणि नवा रंग आरसीवर चढवून घ्यायचा. तेव्हा काळी गाडी तुम्हाला नक्की मिळेल.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी फॉर्म २५. गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांच्या वरच्या गाड्यांना ती आणखी वाढवली. तुमची त्यात बसते. उशिराचा दंड वेगळा. मुदत संपलेल्या आरसीवर आणि विम्याशिवाय ही गाडी चालवत पासिंगला नेऊ नका, टोइंग करून न्या.

विंटेज नोंदणीचा सल्ला कोणी दिला तर सांगते, त्याला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हायला हवीत, आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

विमा घेताना गाडीत जे आहे ते सगळं लेखी सांगा. लपवलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाला दिसतोच, आणि मग भरपाई अडते. समोरच्या माणसाला इजा झाली असेल तर हे प्रकरण तुमच्या घरादारापर्यंत येऊ शकतं. मी अशा फायली बघितल्या आहेत म्हणून इतकं कळकळीने लिहिते.

कुडचड्याचा रायडर लिहितो:

भावा, माझं मत वेगळं आहे. ही गाडी उलटी फिरवू नकोस. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी अमेरिकेत एनएचआरए ही ड्रॅग शर्यतींची संघटना काढली, ती रस्त्यावर शर्यती लावणाऱ्या पोरांना सुरक्षित पट्टीवर आणण्यासाठी. लोकांनी रस्त्यावरच्या गाड्या पट्टीवर नेल्या आणि तू पट्टीवरची रस्त्यावर आणतोयस. आपल्याकडे ड्रॅगसाठी नीट बांधलेल्या जुन्या कॉन्टेसा असून असणार किती? ट्रेलरवर घालून शर्यतीला ने आणि रस्त्यासाठी दुसरी साधी कॉन्टेसा शोध. मामांनी त्या इंजिनात जीव ओतला असणार. तो कॅमशाफ्ट काढून फळीवर ठेवायचा हे मला बघवणार नाही.

साखळीकर लिहितो:

सगळ्यांचे मनापासून आभार. कुडचड्याच्या भावाचं म्हणणं मामांना वाचून दाखवलं. मामा म्हणाले, शेडमध्ये गंजण्यापेक्षा ती चाललेली बरी, आणि मला पुढच्या सीटवर बसवून पणजीला ने. त्यामुळे माझं ठरलं, रस्त्यावरच आणणार. शर्यतीचे सगळे भाग तेल लावून, नावं लिहून जपून ठेवेन. पुढेमागे कोणाला गाडी पुन्हा पट्टीवर न्यायची झाली तर वस्तू हाताशी असतील.

स्कूप सोडला. काळा रंग अर्ज करून. टायर मूळ मापाचे, फक्त रिम जुन्या धाटणीचे.

काका, एक विचारायचं राहिलं. मागच्या चाकांवरचा पत्रा कापलाय तिथे खालपर्यंत गंज दिसतोय. वरून नवा पत्रा वेल्ड करून पुट्टी भरली तर चालेल का? इथला डेंटर तसं म्हणतोय.

फोंड्याचा मिस्त्री लिहितो:

नाही चालणार. हे आधी सांगायला हवं, म्हणून लगेच लिहितो.

कॉन्टेसाची घडण इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून घेतलेली. तिला ट्रकासारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. मागचा ॲक्सल कॉइल स्प्रिंगवर बसतो आणि त्याला धरून ठेवणारे आर्म याच पत्र्यात बोल्ट केलेले असतात. तो पत्रा कापलाय आणि वर गंजलाय, म्हणजे अख्खा ॲक्सल कशाच्या आधारावर आहे ते बघावं लागेल. पुट्टीने ते झाकलं जाईल, जोर काही येणार नाही. समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस, आपल्याकडे गंज आतून खात येतो. वरून बोटभर दिसला तर आत हातभर असतो.

तेव्हा क्रम असा धर. ॲक्सल खाली उतरव. मागचा सगळा भाग सँडब्लास्ट करून घे. चांगला पत्रा लागेपर्यंत गंजका भाग काप, मूळ जाडीचा पत्रा आण, कडेने एकसंध वेल्डिंग, आतून रेड ऑक्साइड, मग अंडरकोट. चाकांवरच्या आतल्या कमानी मूळ आकारात परत बांध. दुसऱ्या भंगार कॉन्टेसाचा मागचा तुकडा मिळाला तर उत्तम, माप आयतं मिळतं. उसगाव-फोंडा पट्ट्यात खाणीच्या ट्रकांवर हात बसलेले वेल्डर अजून आहेत, जाड-पातळ पत्र्याचा अंदाज त्यांना डेंटरपेक्षा चांगला असतो. वेल्डिंग करताना गाडी चारही बाजूंनी सपाट टेकवलेली हवी, नाहीतर सांगाडा पिळेल आणि मग दारं लागणार नाहीत.

हे होईपर्यंत पिंजरा काढू नकोस. सध्या तोच गाडीला धरून आहे.

सँडब्लास्टिंग झालं की रंग मारण्याआधी फोटो टाक. आर्मच्या माउंटिंगचे, दोन्ही बाजूंचे, जवळून.