माईआतेची गंजिफा: कल्कीचा राजा पुरा करून घ्यावा का?

आतेची_भाची

माझी माईआते, बाबांची थोरली बहीण, गेल्या मार्गशीर्षात सावंतवाडीत गेली. 84 वर्षांची होती. तिच्या कपाटात सरकत्या झाकणाची लाकडी पेटी निघाली. आत दशावतारी गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचा, अख्खा संच, 120 पानं. दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. हा तिचा शेवटचा संच. कुणाला दाखवला नव्हता.

119 पानं बघून झाली आणि हाती कल्कीचा राजा आला. पांढरा घोडा, लगाम, खोगीर. वर स्वारच नाही.

माझा भाऊ म्हणतो, एखाद्या चांगल्या कलाकाराकडून स्वार काढून घेऊ, संच पुरा होईल. मला तिच्या पानाला दुसऱ्याचा कुंचला लागू द्यावासा वाटत नाही. पण अपुरं काम तसंच ठेवणं तिला तरी आवडलं असतं का? शिवाय पाच-सहा पानांवर बुरशीचे ठिपके आलेत. मी डोंबिवलीत राहते, पावसाळा तोंडावर आहे.

आते कशी होती ते सांगितल्याशिवाय तुम्ही तरी काय सांगणार, म्हणून जरा लांबण लावते.

ती चिताऱ्यांच्या घरातली नव्हती. सत्तरच्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात हे काम पुन्हा उभं केलं. गंजिफा करणारे जुने कारागीर पुंडलिक चितारी तेव्हा बरेच म्हातारे होते, आणि त्यांच्यानंतर ही विद्या कुणाच्या हातात राहील याची खात्री नव्हती. राजवाड्यात मुलं शिकायची आणि आते दुपारची भांडी आटपून ते बघायला जाऊन उभी राहायची. नुसती बघायची आणि घरी येऊन पाटीवर गिरवायची. पुढे तीही कामाला बसली.

लुगड्यावर आतोबांचा खाकी सदरा घालून ती कामाला बसायची. आतोबा एसटीत ड्रायव्हर होते, मी चार वर्षांची असताना गेले. त्या सदऱ्याच्या खिशात कुंचले असायचे. खारीच्या शेपटीचे केस कोंबडीच्या पिसाच्या नळीत बसवून ते ती स्वतः करायची. बाजारात, लग्नात, देवळातसुद्धा तोच सदरा. बाबा चिडायचे. ती म्हणायची, "तुज्या भावोजींका लाज नाय वाटली कधी, तुका कित्याक?"

गल्लीतल्या पोरांनी शेरभर चिंचोके आणले की ती मनगटावर मासा काढून द्यायची. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून खळ शिजायची, ती कापडाच्या थरांना लागायची, वर खडूचा लेप आणि मग गुळगुळीत दगडाने घोटाई. घरभर त्या खळीचा आंबूस वास. मला तो अजून कुठेही ओळखता येईल. मासा बघायला मी हट्टाने जवळ बसायचे. "गो चेडवा, आधी हात धुवन ये. मासो पाण्यात रवता, घामात न्हय." मग श्वास रोखून शेपटीकडून डोक्याकडे एकच रेघ, पोटाशी जरा जाड, तोंडाशी पुन्हा बारीक. डोळा सगळ्यात शेवटी. डोळ्याचा ठिपका ठेवला की श्वास सोडायची, आणि मीही सोडायचे.

संध्याकाळी ती गंजिफा खेळायची. एकटीच, पण पानं तिघांना वाटून, चाळीस-चाळीस. एक हात तिचा, एक आतोबांचा, एक आजीचा, म्हणजे तिच्या आईचा. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा तो उतारी करणार, दिवेलागणीनंतर कृष्णाचा. तिन्ही हात तीच खेळायची आणि आजीला वाईट पानं आली तर गुपचूप बदलून द्यायची. आतोबांना मात्र कधी सूट नाही. "तुमी बघून खेळा, गाडी चलवतास तसा," असं रिकाम्या पाटाला सांगायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, माई वेडी झाली. मी त्या पाटाच्या बाजूला बसून वाढले आहे. वेडी नव्हती ती.

तर, काय करू?

वेखंड

आधी बुरशीचं बोलतो, कारण ती थांबणार नाही. जुन्या पोथ्या सांभाळण्याचं काम वीस वर्षं केलं आहे.

ओलं फडकं लावू नका, उन्हातही ठेवू नका. उन्हाने रंग उडतो आणि पानावर चढवलेली लाख मऊ पडते. कोरड्या दिवशी गॅलरीत, नाकातोंडाला रुमाल बांधून, मऊ कोरड्या कुंचल्याने बुरशी हलकेच झाडा. ती पानं महिनाभर वेगळी ठेवा. पेटीत प्रत्येक पानामध्ये पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा घाला. प्लास्टिकच्या पिशवीत घालाल तर आतला दमटपणा आतच कोंडेल. कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बदला. चिंचोक्याची खळ म्हणजे कसरीला मेजवानी, म्हणून वेखंडाची पुरचुंडी ठेवा. डांबरगोळ्या पानांना टेकतील अशा नकोत.

स्वाराबद्दल मी बोलणं बरोबर नाही.

नागपूरकर_संत्रं

गंजिफा 96 पानांची असते ना? माझ्या पणजोबांकडे आठ रंगांची होती. तुमचे दोन रंग जास्त कसे?

मोतीतलावाकाठी

संत्रं, आठ रंगांची 96 पानं ती मुघल गंजिफा. दशावतारी दहा रंगांची, म्हणून 120. दोन्ही खरी.

भाचीताई, मी सावंतवाडीचा, या कामात माझं अर्धं आयुष्य गेलं. तुमच्या आतेला बघितल्यासारखं वाटतंय. खाकी सदरा म्हटल्यावर तर जास्तच, पण नाव विचारत नाही.

ते पान कुणाकडे द्यायच्या आधी एक करा. आमच्याकडे कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी जमिनीचा, म्हणजे आकृतीमागचा, रंग, मग आकृतीत सपाट रंग भरायचे, मग बारीक रेघांनी लिखाई, मग कडेची वेल. लाख सगळ्यात शेवटी. एकदा लाख चढली की वर पाण्याचा रंग धरत नाही. म्हणून स्वार राहून गेला असेल तर त्या पानावर लाख नसणार. पान उजेडात तिरकं धरा. चकाकतंय का? खोगिराच्या वर जमिनीच्या रंगाखाली स्वाराची कच्ची रेघ दिसते का? भिंग घ्या.

कोकणकडा77

कल्की अजून यायचाय.

नागपूरकर_संत्रं

कडा, अंगावर काटा आला.

आतेची_भाची

सगळ्यांचे आभार. वेखंड आणलं, बुरशी झाडली, दोन पानांवर डाग राहिलेत ते राहू देत.

काल सकाळी खिडकीत बसून भिंगाने बघितलं. पान चकाकतंय. कडेची वेल पूर्ण आहे, एकही पान सुटलेलं नाही. घोड्याच्या आयाळीचा केसन् केस लिहिलेला. खोगिराच्या वर स्वच्छ निळी जमीन, खाली कसलीही रेघ नाही. तिच्या जुन्या संचातला कल्कीही काढून बघितला, तो माझ्याकडे आहे. त्यात स्वार आहे, हातात तलवार आहे. म्हणजे तिला काढता येत नव्हता किंवा वेळ पुरला नाही असं नाही.

आणि खोगीर. मला ते मळकट पिवळं वाटलं होतं. ते खाकी आहे. बाजूला एक खिसा आहे, झडपेचा, नखाच्या टोकाएवढा, त्यावर बटणाचा ठिपका. खिशातून दोन कुंचल्यांची टोकं वर आलेली आहेत.

भावाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, राहू दे तसंच.

संध्याकाळी तो आला. माझी लेक, तो आणि मी, तिघं बसलो. जुनाच संच घेतला, नवा पेटीतच ठेवला. चाळीस-चाळीस पानं वाटली. दिवे लागले होते, म्हणून कृष्णाने सुरुवात केली. लेकीला नियम सांगताना माझीच दोनदा चूक झाली, मोतीतलावाकाठी, तुम्हाला विचारायला लागेल. उतारी केल्यावर प्रधान कधी खेळायचा?