दत्तक मुलगी घरी आली, पण गोठवलेल्या भ्रूणांचा निर्णय होत नाही – अनुभवी पालकांची मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नाशिकला गंगापूर रोड परिसरात राहतो. ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेमार्फत दत्तक घेतलेली आमची मुलगी आठ महिन्यांची असताना घरी आली. जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेशही हातात पडला आहे (२०२२ पासून तो न्यायालयाऐवजी तेच देतात). कागदपत्रांची काही अडचण नाही.

दत्तकासाठी नाव नोंदवण्यापूर्वी आम्ही आयव्हीएफचे उपचार घेतले होते आणि त्या वेळचे काही भ्रूण रुग्णालयात अजून गोठवलेले आहेत. नुकतेच त्यांच्या साठवणुकीचे शुल्क भरण्याचे पत्र आले. खाली तीन चौकोन आहेत: साठवण चालू ठेवावी, संशोधनासाठी द्यावेत, नष्ट करावेत. कृत्रिम गर्भधारणेविषयीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, तेव्हा पैसे भरून टाकू, पुढचे पुढे पाहू, असे यजमानांचे म्हणणे आहे. त्यांच्या लेखी ते एक बिल आहे. मला मात्र तिन्हींपैकी कुठेच खूण करवत नाही.

मुलीविषयी माझ्या मनात तसूभरही किंतु नाही. सुरुवातीला ती रात्री जागी झाली तरी रडत नसे, नुसती पंख्याकडे पाहत पडून राही. संस्थेत वाढलेली बाळे पुष्कळदा अशी असतात, असे समाजसेविका म्हणाल्या. त्या दिवसांत तिच्यापलीकडे मला काही सुचत नव्हते. आता ती हक्काने घर डोक्यावर घेते, आणि ती रुळल्यावर, मी संपले असे समजत होते ते न झालेल्या बाळाचे दुःख पुन्हा वर आले आहे. हे कोणाला सांगावे तर ‘पाळणा हलला ना, आता कसले रडगाणे’ हे उत्तर ठरलेले.

सासूबाईंचा नातीवर फार जीव आहे. मूल व्हावे म्हणून त्र्यंबकला नारायण नागबळी विधी त्यांनीच हौसेने करवून घेतला होता. परवा त्या म्हणाल्या, “हिच्या पायगुणाने तुझीही कूस उजवेल बघ.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला कळते; पण माझी मुलगी दुसऱ्या कोणाच्या येण्याचा शकुन म्हणून या घरात आलेली नाही, हे त्यांना न दुखावता कसे सांगावे ते कळत नाही. शिवाय मी शुल्क भरले, तर मीही तेच म्हणते आहे असे होणार नाही का?

दत्तकानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी संस्थेकडून भेट होते. पुढच्या भेटीत समाजसेविकांशी यावर बोलावे का? बाई समजूतदार आहेत, पण अहवालही त्याच लिहितात, म्हणून जीभ अडखळते.

आपल्यापैकी ज्यांच्यावर दत्तकानंतर असा निर्णय घेण्याची वेळ आली, त्यांनी तो कसा घेतला आणि जोडीदाराला त्या बोलण्यात कसे आणले, हे कृपया लिहावे. उपचार आणि दत्तक या दोन्ही बाजू जाणणारे समुपदेशक नाशिकमध्ये कोणाला माहीत असल्यास कळवावे. आजवर भेटलेल्यांपैकी एकांनी आयव्हीएफच्या पुढच्या सायकलचे सुचवले, तर दुसऱ्यांनी फक्त मुलीविषयी विचारले. ‘अजून एकदा प्रयत्न करून पाहा’ हा सल्ला कृपया देऊ नये. पत्राला महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे.