आना स्यूबेर्गची फुलं: पाकळ्यांचा उजळपणा कसा राखायचा?

जलरंगी:
डॅनिश चित्रकर्ती आना स्यूबेर्ग (१८७०–१९१४) हिची जलरंगातली फुलं अभ्यासाला घेतली आहेत. मास्किंग फ्लुइड (कोरी ठेवायची जागा झाकणारा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) लावलं की पाकळ्यांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या दिसतात, आणि मागचा गडद भाग मळकट होतो. क्रम कसा ठेवावा? आणि ती शिकली कुठे?

रेघोटी:
सुरुवात घरातच. वडील पेटर सिराक हान्सेन हे फ्यून बेटावरच्या फॉबोर्गमध्ये सजावटीचं रंगकाम करणारे कारागीर. भाऊ पेटर हान्सेन चित्रकार. नवरा फ्रिट्स स्यूबेर्गही आधी तिच्या वडिलांच्याच हाताखाली उमेदवारी केलेला. पुढे तिने कोपनहेगनच्या रॉयल पोर्सिलेन कारखान्यात काम केलं. चिनीमातीवर पांढरा रंग लावत नाहीत, राखतात. तिच्या कागदावरचा उजळपणा मला तिथलाच वाटतो.

आता क्रम. मास्किंग सोडा. ३०० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला) कागद भिजवून गमटेपने (ओली करून चिकटवायची कागदी पट्टी) बोर्डावर ताणा, पूर्ण वाळू द्या. पेन्सिलीची रेघ हलकी ठेवा, पण खोडू नका. तिच्या चित्रांतही ती रंगाखालून दिसते. आधी पाकळ्यांवर अगदी पातळ वॉश (पाणीदार रंगाचा थर), उजेडाची जागा कोरी. तो खडखडीत वाळला की मागचा गडद रंग पाकळीच्या कडेपर्यंत आणा. काही ठिकाणी ओल्या ब्रशने कड विरघळवा, काही ठिकाणी तशीच सोडा. हाच तो कात्रीवरचा उपाय.

मळकटपणा दोन कारणांनी येतो: एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग, किंवा अर्धवट ओल्या थरावर पुन्हा ब्रश. अर्धवट ओल्यावर पाणी पडलं तर कोबीच्या फुलासारखा डाग उठतो, तो वेगळाच ताप.

कागदकाम:
रंग निवडताना अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल टाळा. पातळ वॉशमध्ये तो उजेडाने लवकर उडतो. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन हा टिकाऊ लाल-गुलाबी घ्या. कागदावरची चित्रं संग्रहालयं साधारण ५० लक्स (उजेडाचं माप) एवढ्या मंद उजेडात आणि थोडेच महिने लावतात, म्हणून फॉबोर्ग म्युझियमला जाणार असाल तर तेव्हा तिची जलरंगं भिंतीवर आहेत का ते आधी विचारा. हे संग्रहालय १९१० साली डबाबंद खाद्यपदार्थांचे कारखानदार मॅड्स रासमुसेन यांनी काढलं. वास्तुविशारद कार्ल पेटरसनने आखलेली त्याची इमारतही आवर्जून बघण्यासारखी.

कागद कोणता वापरताय? सेल्युलोजचा असेल तर दुसरा थर देताना खालचा सुटून वर येतो आणि गढूळ होतो. कापसाचा घेऊन बघा.