शतावरीच्या सॅपोनिनसाठी ईएलएसडी बसवायचा आहे: गॅस, एक्झॉस्ट, बफरबद्दल सल्ला हवा

शतमूली:
नमस्कार मंडळी. आमची वनस्पती-अर्कांची छोटी लॅब आहे. शतावरीच्या मुळातलं शतावरीन ४ हे सॅपोनिन (पाण्यात फेस आणणारं वनस्पती-संयुग) एचपीएलसीवर मोजायचंय. त्याला क्रोमोफोर (यूव्ही शोषणारा भाग) नाही, त्यामुळे यूव्हीवर २०५ नॅनोमीटरला जेमतेम काहीतरी दिसतं. आरआय (अपवर्तनांक मोजणारा) डिटेक्टर आहे, पण तो ग्रेडियंटला, म्हणजे सॉल्व्हंटचं प्रमाण बदलत नेताना, चालत नाही. म्हणून एक वापरलेला ईएलएसडी (सॉल्व्हंट उडवून उरलेल्या कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजणारा डिटेक्टर) घेतोय. कॉलम सी-१८, ४.६ मिमीचा, फ्लो मिनिटाला १ मिली, असेटोनायट्राइल-पाणी ग्रेडियंट. नायट्रोजन सिलिंडरवर भागेल की जनरेटरच घ्यावा? एक्झॉस्ट फ्यूम हूडमध्ये सोडला तर चालेल का? आमच्या बाकीच्या मेथड फॉस्फेट बफरवर आहेत, त्या याच मशीनवर चालू ठेवता येतील का?

धुके_आणि_लेसर:
आधी गॅसचा हिशेब मांडा. मॉडेलप्रमाणे मिनिटाला साधारण १ ते ३ लिटर लागतो. २ धरले तर ७ घनमीटरचं भरलेलं सिलिंडर ५८ तास पुरेल, म्हणजे रोज आठ तासांनी आठवडाभर. दिवसा मोजकीच सॅम्पल्स असतील तर सिलिंडर पुरे. रात्रभर सिक्वेन्स लावणार असाल तर जनरेटर घ्याच, कारण मध्येच गॅस संपला आणि पंप चालूच राहिला तर ड्रिफ्ट ट्यूबमध्ये (फवाऱ्यातलं सॉल्व्हंट उडवणारी तापवलेली नळी) सॉल्व्हंट साचतं. बऱ्याच मॉडेलना ३.५ बारच्या आसपास दाब लागतो. तुमच्या मशीनचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा आणि रेग्युलेटर दोन टप्प्यांचा घ्या. दाब हलला की बेसलाइन हलते.

क्रम कायम एकच ठेवा: आधी गॅस, मग ट्यूबचं तापमान, ते स्थिरावल्यावर पंप. बंद करताना आधी पंप, आणि ट्यूब सुकेपर्यंत गॅस चालू.

एक्झॉस्ट हूडमध्ये सोडायलाच हवा, असेटोनायट्राइलची वाफ खोलीत नको. पण नळी डक्टमध्ये घट्ट बसवू नका, तोंडाशी सैल ठेवा. हूडची जोरदार ओढ थेट डिटेक्टरला लागली की नॉइज वाढतो. ड्रेनच्या सायफनमध्ये सुरू करण्यापूर्वी द्रव भरलेला हवा, नाहीतर गॅस तिथूनच निसटतो. नवीन जागी बसवताना हे हमखास राहून जातं.

कॉलमवाली:
शतमूली, फॉस्फेटबद्दल मी ठामच सांगते: नको. ईएलएसडीत मोबाइल फेजचा फवारा होतो, सॉल्व्हंट उडून जातं आणि उरलेल्या कणांवर प्रकाश विखुरतो. जे उडत नाही ते सगळं सिग्नल. फॉस्फेट उडत नाही, मग बेसलाइन वर जाते आणि ट्यूबच्या आत मीठ बसतं. सोडियमची आयन-पेअर रसायनंही त्याच कारणाने बाद. फॉर्मिक किंवा असेटिक आम्ल, टीएफए (ट्रायफ्लुओरोअसेटिक आम्ल), अमोनियम असेटेट, अमोनियम फॉर्मेट चालतात. तुमचं सॅपोनिन उदासीन आहे, त्यामुळे मला वाटतं नुसत्या असेटोनायट्राइल-पाण्यावर भागेल, आम्लाचीही गरज नाही.

एकच मशीन असेल तर फॉस्फेटच्या दिवशी ईएलएसडीची नळी काढून ठेवा आणि परत जोडण्याआधी पंप, डीगॅसर, इंजेक्टर सगळं भरपूर पाण्याने धुवा. कॉलम मात्र वेगळाच ठेवा, यात काटकसर नको. सॉल्व्हंट एलसी-एमएस ग्रेडचं घ्या. बाटल्या साबणाने धुऊ नका, साबणाचा अंशही इथे दिसतो. ईएलएसडीत सॅम्पल नष्ट होतं, म्हणून जोडणीत तो शेवटी, यूव्हीच्या नंतर. मधली नळी बारीक आणि आखूड.

आलेखकागद:
कॅलिब्रेशनचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. या डिटेक्टरचा प्रतिसाद सरळ रेषेत नसतो. क्षेत्रफळ साधारण वस्तुमानाच्या बी-व्या घाताच्या प्रमाणात बदलतं आणि बी बहुधा १ ते २ च्या मध्ये येतो. बी १.५ असेल तर दुप्पट पदार्थाला २.८ पट क्षेत्रफळ मिळतं. दोन्ही अक्षांचे लॉग घेतले की रेष सरळ होते. निदान पाच पातळ्या करा आणि सॅम्पल त्यांच्या आतच बसू द्या. चिनी फार्माकोपियात अस्ट्रॅगालोसाइड ४ याच डिटेक्टरवर, लॉग समीकरणाने मोजतात. तेही सॅपोनिनच, तेव्हा तुमची वाट मळलेली आहे.

यातला सगळ्यात महत्त्वाचा धोका: टक्के-क्षेत्रफळावरून शुद्धता कधीच सांगू नका. बी १.५ असताना मुख्य घटकाच्या १ टक्का असलेली अशुद्धी क्षेत्रफळात ०.१ टक्काच दिसेल. ग्राहकाला ‘९९.९ टक्के शुद्ध’ असा रिपोर्ट जाईल आणि तो खोटा असेल. शिवाय ग्रेडियंटमध्ये ऑरगॅनिक वाढलं की प्रतिसादही वाढतो, म्हणून एका पीकचं कॅलिब्रेशन दुसऱ्याला लावू नका.

शतमूली:
सगळ्यांचे मनापासून आभार. सिलिंडरवर सुरुवात केली. नुसत्या गॅसवर बेसलाइन सपाट आहे, पण कॉलममधून फ्लो सुरू केला की बारीक बारीक टोकं येतात. तापमान ४० अंश. तापमान वाढवू का?

कॉलमवाली:
थांबा, आधी कॉलम काढून तिथे युनियन (दोन नळ्या थेट जोडणारा तुकडा) लावा आणि तोच फ्लो चालवा. टोकं गेली तर कॉलममधून काहीतरी झडतंय. तो रात्रभर असेटोनायट्राइलवर धुवा, तोंड डिटेक्टरला न जोडता वेस्टमध्ये. टोकं तशीच राहिली तर सॉल्व्हंट, पंप किंवा नेब्युलायझर (फवारा करणारा भाग) बघायचा. ग्रेडियंटच्या सुरुवातीला, पाणी जास्त असतानाच येत असतील तर मात्र थेंब पुरते सुकत नाहीयेत. तेव्हा तापमान ५-५ अंशांनी वाढवा आणि प्रत्येक वेळी तेच स्टँडर्ड इंजेक्ट करून सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर लिहून ठेवा. ते घसरायला लागलं की एक पायरी मागे या.

धुके_आणि_लेसर:
आणि हे करताना गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते सेटिंग) बदलू नका, नाहीतर तुलना करता येणार नाही. युनियन लावल्यावर काय दिसतं ते इथेच टाका, आलेखासकट.